माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे : कुटुंबोपचारतज्ज्ञाच्या कार्याचे स्वरूप

प्रस्तावना

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या मनःस्थितीचा अभ्यास गेल्या शंभर वर्षांत विपुल झाला आहे. त्या सैनिकाबरोबर एकाच छपराखाली राहणारी पत्नी, मुले आणि आईवडील यांचा विचार मात्र त्या मानाने फार उशिरा सुरू झाला. वस्तुतः सैनिकाचे दुखणे छावणीत किंवा रुग्णालयात जितके प्रकट होते, त्याहून अधिक ते घरात प्रकट होते. रात्रीची झोप, जेवणाचे ताट, मुलाची प्रगतिपुस्तिका, शेजाऱ्याकडचे लग्न अशा साध्या प्रसंगांतून ते बाहेर पडते. या ठिकाणी काम करणारा तज्ज्ञ म्हणजे कुटुंबोपचारतज्ज्ञ होय. अमेरिकेत हा व्यवसाय माजी सैनिकांच्या संदर्भात सर्वाधिक विकसित झाला असल्याने प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तेथील अनुभवाच्या आधारे या कार्याचे विवेचन केले आहे. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जेथे खरोखर पोहोचतो तेथे तो नमूद केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ साली 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात प्रथम वापरली. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी अशा अधिकाऱ्यांवर संवादाच्या मार्गाने उपचार केले. रिव्हर्स यांचा काळाच्या पुढे जाणारा विचार असा होता, की भीषण आठवणी दडपून टाकण्याचा सल्ला रुग्णाला अपाय करतो. पण तेथेही उपचाराचा हेतू रुग्णाला शक्य तर आघाडीवर परत धाडणे हाच होता. घर त्या विचारात जवळजवळ नव्हतेच.

घराचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने आयोवा राज्यातील, पिता युद्धावर गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९४९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकच संकट एका कुटुंबाला मोडते आणि दुसऱ्याला मोडत नाही, हे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या मते संकटाचा परिणाम तीन गोष्टींवर ठरतो : प्रत्यक्ष घटना, कुटुंबाजवळची साधने आणि कुटुंबाने त्या घटनेला दिलेला अर्थ. यांपैकी तिसरा घटक आजही उपचारतज्ज्ञाच्या सर्वाधिक उपयोगाचा आहे, कारण घटना बदलता येत नाही, साधने वाढविण्यास वेळ लागतो, परंतु अर्थाविषयी बोलणे पहिल्या भेटीपासूनच सुरू करता येते.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. कुटुंबोपचाराचे एक आद्य प्रवर्तक मरे बोवेन हे दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षे लष्करी डॉक्टर होते. शल्यविशारद होण्याचा त्यांचा बेत होता, पण सैनिकांची मानसिक अवस्था पाहून ते मनोविकारशास्त्राकडे वळले. संरचनात्मक कुटुंबोपचाराचे जनक साल्वादोर मिनुचिन यांनीही १९४८ साली इस्रायलच्या सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले होते. या दोघांचे पुढील संशोधन सैनिकांवर नव्हते. तरी या शाखेचा युद्धाशी असलेला संबंध समजला जातो त्याहून जुना आहे, असे म्हणण्यास यावरून आधार मिळतो.

व्हिएतनाम युद्धाने परिस्थिती बदलली. त्या युद्धात सैनिक साधारणतः एक वर्षाच्या मुदतीवर, तुकडीने न जाता एकेकटा जाई आणि एकेकटाच परत येई. आज जंगलात असलेला तरुण दोन-तीन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात उभा असे. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास माजी सैनिकांनी स्वतःच चर्चागट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले. या चळवळीचा वाटा पुढे १९८० साली आघातोत्तर ताणविकृती, म्हणजे ज्याला सर्वत्र पीटीएसडी म्हणतात, त्या निदानाला अधिकृत मान्यता मिळण्यात मोठा होता. अमेरिकन काँग्रेसच्या आदेशाने झालेल्या व १९८८ साली अहवाल सादर केलेल्या राष्ट्रीय पाहणीत व्हिएतनामच्या रणक्षेत्रात काम केलेल्या पुरुषांपैकी १५.२ टक्के लोकांत त्या वेळी ही विकृती आढळली. युद्ध संपून तेव्हा तेरा वर्षे झाली होती. या काळात त्या घरांत मुले जन्मली आणि वाढली, हे या आकड्यासोबत वाचले पाहिजे.

संस्थात्मक चौकट

१९७९ साली कायद्याने 'व्हेट सेंटर' ही केंद्रे सुरू झाली. ती मुद्दाम रुग्णालयाच्या आवाराबाहेर, बाजारपेठेतील साध्या गाळ्यांत ठेवण्यात आली, कारण सरकारी इमारतीची पायरी चढण्यास अनेक माजी सैनिक तयार नव्हते. आज अशी सुमारे तीनशे केंद्रे आहेत. येथील नोंदी रुग्णालयाच्या कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवल्या जातात. सैनिकाच्या पुनर्वसनाशी संबंध असल्यास कुटुंबीयांनाही समुपदेशन मिळते आणि २००३ पासून सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी शोकसमुपदेशनाची सोयही तेथे झाली.

मात्र विवाह व कुटुंब उपचारतज्ज्ञ या स्वतंत्र पात्रतेच्या व्यक्तीस माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत नेमण्याची तरतूद २००६च्या कायद्याने झाली आणि नेमणुकीचे निकष ठरण्यास २०१० साल उजाडले. इराकमधील युद्ध तोवर ऐन भरात येऊन गेले होते.

पहिल्या भेटी : रुग्ण कोण?

कुटुंबोपचाराचे वेगळेपण पहिल्याच भेटीत दिसते. कागदावर रुग्ण म्हणून एकाचेच नाव असते, परंतु खोलीत दोघे, तिघे किंवा चौघे बसलेले असतात. बहुधा भेटीची वेळ पत्नीने घेतलेली असते. पतीचे म्हणणे असते, 'मला काही झालेले नाही, हिने आणले म्हणून आलो.' पत्नीचे म्हणणे असते, 'गेला तो माणूस परत आलाच नाही.' उपचारतज्ज्ञाने यांपैकी एकाचा वकील व्हावयाचे नसते. पतीचे दुखणे आणि पत्नीची दमणूक या दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, हे दोघांसमोर एकाच बैठकीत मान्य करणे हे त्याचे पहिले काम होय. ऐकावयास सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात सर्वांत कठीण आहे.

सैनिकी जीवनाची ओळख येथे उपयोगी पडते. पद, पलटण, किती वेळा रणक्षेत्रात जाणे झाले, कोण सोबत होते, कोण परतले नाही, हे विचारता आले पाहिजे. 'तुम्ही कोणाला मारले का?' हा प्रश्न विचारणारा समुपदेशक पुढच्या भेटीस त्या सैनिकाला पाहत नाही, हे अनुभवी तज्ज्ञ नवख्यांना आवर्जून सांगतात.

लक्षणांभोवती वाकलेले घर

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरून सहज न दिसणारी बाब म्हणजे कुटुंबाने लक्षणांशी जुळवून घेणे ही होय. उपाहारगृहात पती भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असा बसतो. म्हणून पत्नी आधीच तसे टेबल शोधून ठेवते. गर्दी सहन होत नाही म्हणून बाजारहाट ती एकटी करते. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी फटाके वाजतात म्हणून ते घर त्या दिवशी गावाबाहेर जाते. दिवाळीच्या चार रात्री मनात आणल्यास मराठी वाचकास याची कल्पना यावी. मुलांना दबक्या पावलांनी चालण्याची सवय लागते. दुःस्वप्नात पतीचा हात लागला म्हणून पत्नी दुसऱ्या खोलीत निजू लागते. नातेवाइकांना 'त्यांना बरे नाही' असे सांगण्याचे काम मोठ्या मुलीकडे येते.

यांतील प्रत्येक कृती प्रेमातून झालेली असते आणि प्रत्येक कृतीने त्या दिवसापुरती शांतता मिळते. अडचण अशी, की पीटीएसडीचा गाभा टाळाटाळ हाच आहे. भीती वाटणाऱ्या पण प्रत्यक्षात निर्धोक असलेल्या गोष्टी टाळल्या, की 'टाळले म्हणून वाचलो' असा समज पक्का होतो व पुढच्या वेळी भीती वाढते. कुटुंबाने ही टाळाटाळ सोपी करून दिली, की आजार घरात स्थिरावतो. सैनिकाचे जग आक्रसत जाते आणि त्याच्यासोबत घरातील सर्वांचेच. काही वर्षांनी पत्नीच्या मैत्रिणी राहिलेल्या नसतात आणि मुले मित्रांना घरी आणत नाहीत.

ही गोष्ट कुटुंबाला सांगावयाची कशी, यात उपचारतज्ज्ञाचे कौशल्य आहे. 'तुमच्यामुळे त्यांचा आजार टिकून आहे' असे शब्द पत्नीच्या कानी गेले, तर वर्षानुवर्षे घर सांभाळणाऱ्या स्त्रीवर तो अन्याय ठरेल आणि ती तसा तो मानीलही. म्हणून जाणकार उपचारतज्ज्ञ आजाराला तिसऱ्या व्यक्तीसारखा समोर मांडतो : हा तुमच्या घरात राहावयास आला आहे, त्याने कोणती खोली बळकावली आहे, कोणते सण काढून घेतले आहेत, हे दोघांनी मिळून सांगा. यादी दोघांची झाली, की ती परत मिळविण्याचा कार्यक्रमही दोघांचा होतो. आठवड्यातून एकदा, दुकानात गर्दी कमी असताना, वीस मिनिटे एकत्र जाणे. पत्नीने मधूनच 'चला, परत जाऊ' असे न म्हणणे. एवढ्याशा पायरीवर दोन-दोन बैठका खर्च होतात, आणि त्या वाया जात नाहीत.

कँडिस मॉन्सन व स्टेफनी फ्रेडमन यांनी दांपत्यांसाठी विकसित केलेली पंधरा बैठकांची पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. तिचा पहिला टप्पा आजाराची माहिती व घरातील सुरक्षितता यांचा, दुसरा संवादाचा आणि टाळलेल्या गोष्टींकडे दोघांनी मिळून परतण्याचा, तर तिसरा घटनेला दिलेल्या अर्थाचा आहे. 'कोणावरही विश्वास टाकू नये', 'मी तेथे असतो तर तो वाचला असता' अशा समजुती तिसऱ्या टप्प्यात पतिपत्नी एकत्र तपासतात. युद्धातील प्रसंगाचे तपशीलवार कथन पत्नीपुढे करावे अशी अपेक्षा या पद्धतीत नाही, आणि ते योग्यच आहे. या पद्धतीची चाचणी ४० दांपत्यांवर घेण्यात येऊन तिचे निष्कर्ष २०१२ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रतीक्षायादीवर ठेवलेल्या दांपत्यांच्या तुलनेत लक्षणे लक्षणीय प्रमाणात घटल्याचे त्यात दिसून आले. सहभागी सारेच माजी सैनिक नव्हते, आणि संख्या लहान होती, हे ध्यानात ठेवावे लागते.

परत येणे : भूमिकांचा प्रश्न

पती रणक्षेत्रात असताना घर थांबून राहत नाही. पत्नी बँकेचे व्यवहार, घराची डागडुजी, मुलांची शिस्त असे सारे एकहाती चालविते. इराक युद्धात २००७ साली अमेरिकन लष्कराने रणक्षेत्रातील मुदत बारा महिन्यांवरून पंधरा महिन्यांपर्यंत वाढविली होती. या अवधीत तान्हे मूल चालू-बोलू लागते आणि समोर आलेला गणवेशधारी पुरुष त्याला परका असतो. परतलेला पिता घराचा ताबा पूर्वीप्रमाणे घेऊ पाहतो, पत्नी तो देण्यास कचरते, आणि दोघांनाही आपले म्हणणे रास्त वाटते. या भांडणात विकृती शोधण्याची घाई उपचारतज्ज्ञाने करू नये. पुष्कळदा कामाची नवी वाटणी हाच त्यावरील उपाय असतो.

याहून अवघड अवस्था पॉलीन बॉस यांनी 'संदिग्ध वियोग' या संकल्पनेने मांडली. १९७०च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या पत्नींचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की मृत्यूची खात्री नसल्याने शोकही पुरा होत नाही. माणूस देहाने नाही पण मनाने घरात आहे, हा एक प्रकार. माणूस देहाने घरात आहे पण मनाने नाही, हा दुसरा. सुरुंगस्फोटात मेंदूला इजा होऊन स्वभाव पालटलेल्या सैनिकाची पत्नी या दुसऱ्या प्रकारात येते. तिला विधवा म्हणता येत नाही, आणि ज्याच्याशी लग्न केले तो मनुष्यही समोर नसतो. अशा कुटुंबाला 'आता हे स्वीकारा' असे सांगून भागत नाही. जे गेले त्याचा शोक आणि जे उरले त्याच्याशी संसार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्याची मुभा त्यांना द्यावी लागते.

सुरक्षितता, गुपिते आणि पैसा

प्रत्येक कुटुंबाला एकत्र बसविणे हितावह नसते. घरात मारहाण होत असेल, पत्नी भीतीपोटी बोलत नसेल, तर संयुक्त बैठक तिला अधिक धोक्यात घालते; बैठकीत उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते. त्यामुळे सुरुवातीलाच दोघांची स्वतंत्र भेट घेऊन हिंसेविषयी थेट विचारणे हा या व्यवसायातील दंडक आहे. पीटीएसडी हे मारहाणीचे स्पष्टीकरण असू शकते, सबब होऊ शकत नाही.

दुसरा धोका आत्महत्येचा. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या दहा आत्महत्यांपैकी सुमारे सात बंदुकीने होतात. म्हणून घरात शस्त्र कोठे आहे, कुलपात आहे का, किल्ली कोणाजवळ असते, हे प्रश्न उपचारतज्ज्ञ विचारतो. शस्त्र सोडून देण्याचा आग्रह बहुधा निष्फळ ठरतो. 'वाईट दिवसांत काही काळ भावाकडे ठेवावे' हे मात्र अनेक सैनिक मान्य करतात, कारण शस्त्रागाराची शिस्त त्यांना नवी नसते. २००७ साली सुरू झालेली संकटकालीन दूरध्वनी सेवा २०२२ पासून ९८८ या क्रमांकावर, पुढे १ दाबून मिळते.

गुपितांचा पेच यातूनच निघतो. पती स्वतंत्र भेटीत पत्नीला ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. ती झाकून ठेवली तर उपचारतज्ज्ञ एका पक्षाचा होतो, उघड केली तर विश्वास तुटतो. त्यामुळे गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी दोघांना लेखी सांगितली जाते. कॅलिफोर्नियातील टॅरासॉफ खटल्याच्या १९७६च्या निकालानंतर, दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असल्यास गुप्तता आड येऊ देता येत नाही, हे तत्त्व तेथील बहुतेक राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात मान्य झाले आहे.

पैशाविषयी फारसे लिहिले जात नाही, पण तो खोलीत असतोच. अपंगत्वाची टक्केवारी भरपाई ठरविते. २०१०च्या कायद्याने गंभीर जखमी सैनिकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या नातलगास मानधन देण्याची योजना आणली, ती निःसंशय उपकारक ठरली. परंतु सैनिक सुधारला तर मानधन जाईल ही भीती तिच्यासोबत आली. २०२० साली निकष बदलल्यावर अनेक जुनी कुटुंबे अपात्र ठरू लागली, तेव्हा ओरड होऊन २०२२ साली ती कार्यवाही थांबवावी लागली. घराचा हप्ता ज्या मानधनावर चालतो, तेथे 'तुमचे पती आता स्वतः गाडी चालवू शकतील' हे वाक्य आनंदाचे राहत नाही. उपचारतज्ज्ञाने या भीतीला लोभ समजू नये.

महाराष्ट्राच्या संदर्भात

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या जिल्ह्यांना सैन्यभरतीची जुनी परंपरा आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. अमेरिकन अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही. भारतीय जवान वर्षानुवर्षे सीमेवर राहतो, पण वार्षिक रजेवर घरी येतो. पत्नी बहुधा सासरी असते, तेव्हा तिच्या एकटेपणावर एकत्र कुटुंबाचा आधार असतो आणि दडपणही असते. पतीच्या गैरहजेरीत शेतीचा निर्णय तिने घ्यावयाचा की दिराने, हा तेथील भूमिकांचा प्रश्न. शिवाय जवान साधारणतः पस्तीस ते चाळीसच्या वयात निवृत्त होतो. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी पत्करलेल्या हवालदाराला गणवेश मिळतो, पण मान पूर्वीचा मिळत नाही. अशा वेळी चिडचिड आणि मद्यपान 'मिलिटरीचा माणूस' या शब्दांखाली सहज खपून जाते. समुपदेशनाची बैठक येथे दांपत्याची घ्यावी की सासूसासऱ्यांसह, हे ठरविताना पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाचा उपयोग मर्यादितच होतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा कामांसाठी परिचित आहेत, आणि २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजनेचे दवाखाने सुरू झाले आहेत. टेली-मानस या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा सशस्त्र दलांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात आला आणि त्याच्या लाभार्थ्यांत सैनिकांच्या कुटुंबीयांचाही समावेश करण्यात आला. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी कार्यालयात आलेल्या पत्नीला दोन शब्द अधिक विचारणारा कर्मचारी तेथे असेल, तर मानसोपचाराचा फलक पाहून कधीही आत न येणारे घर त्या वाटेने येऊ शकेल. अमेरिकेत व्हेट सेंटर बाजारात थाटण्यामागे हाच हिशेब होता.

उपचारतज्ज्ञाची स्वतःची अवस्था

दिवसाला चार-पाच कुटुंबांची कथा ऐकणाऱ्याच्या मनावर तिचे ओझे साचते. त्याची झोप उडते, स्वतःच्या मुलांविषयी अकारण धास्ती वाटू लागते. दुय्यम आघात या नावाने ही अवस्था ओळखली जाते. ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर नियमितपणे प्रकरणे मांडणे हा त्यावरील रूढ मार्ग आहे. काही प्रसंगी उपचार संपतात ते घटस्फोटाने. दोघे परस्परांना आणि मुलांना इजा न करता वेगळे झाले, पित्याला मुलांची भेट ठरल्या वारी मिळू लागली, तर ते प्रकरण उपचारतज्ज्ञ अपयशाच्या रकान्यात घालीत नाहीत. त्या पित्याची शनिवारची भेट कोठे व्हावी, बागेत की आजीच्या घरी, हे शेवटच्या दोन बैठकांत ठरते.